घाटंजी ते यवतमाळ रोजचा प्रवास अन् मन स्पोर्ट्स कारवर: काय घ्यावं?

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. तुम्ही घाटंजीच्या बाजूच्या गावात राहता, नोकरी यवतमाळला, येऊन-जाऊन रोजचे ऐंशीएक किलोमीटर. गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा तुकडा मुरमाचा अन् पुढचा रस्ता तुम्ही म्हणता तसा जागोजागी उखडलेला. बजेट बारा लाखाच्या आसपास, मनात आहे पुण्या-मुंबईकडची सेकंड हॅन्ड इम्पोर्टेड टू-सीटर, ते नाही जमलं तर फोक्सवॅगनची पोलो नाहीतर ह्युंदाईची आय२० एन लाइन, अन् घरून वहिनी म्हणतात की सरळ एसयूव्ही घेऊन टाका. माझं काम सस्पेन्शन अन् अलाइनमेंटचं आहे, याच भागातल्या गाड्या रोज रॅम्पवर चढून राहिल्या, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तुम्ही विचारलं कोणती स्पोर्ट्स कार, पण तुमच्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. चाळीस ते सत्तरच्या स्पीडमध्ये, तुटक्या रस्त्यावर, कोणती गाडी चालवताना मन खुश राहते अन् तरी दर महिन्याला गॅरेजमध्ये उभी राहत नाही, हे तुम्हाला शोधायचं आहे. शंभरच्या वरची मजा वेगळी, ती समृद्धीवर नाहीतर नागपूर-हैदराबाद हायवेवर मिळेल, पण तुमचा रोजचा रस्ता तो नाही.

म्हणून पहिले हॉर्सपॉवरचा आकडा बाजूला ठेवा. १५० एचपी असो का ९०, उखडलेल्या पट्ट्यावर दोन्ही गाड्यांचा ड्रायव्हर एकाच जागी ब्रेक मारते. तिथं मजा ती गाडी देते जी खड्ड्यातून निघाल्याबरोबर सरळ होते, जिचं स्टेअरिंग हाताला रस्ता सांगते अन् जिचं चाक रस्ता सोडत नाही. चाक हवेत गेलं की ना ब्रेक लागत, ना स्टेअरिंग ऐकत, ना इंजिनची ताकद रस्त्यावर उतरत. मी कोणतीही गाडी बघतो तेव्हा हेच बघतो, चाक वर-खाली किती जाऊ शकते अन् ते जाणं-येणं शॉकअप किती ताब्यात ठेवते.

रॅलीवाल्यांकडं बघा ना. जागतिक रॅली चॅम्पियनशिपमध्ये डांबरी रॅलीला गाडीला १८ इंची रिम राहते अन् मातीच्या रॅलीला त्याच गाडीला १५ इंची, सस्पेन्शन पण उंच. जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर मातीवर गेले की मोठी रिम काढून ठेवतात अन् आपल्याकडं पोट्टे मुरमाच्या रस्त्यावर चालवायला १७ इंची अलॉय टाकायला येतात, तेव्हा मी त्यांना हेच सांगतो. पोर्शेने २०२२ मध्ये ९११ डकार काढली, ती स्पोर्ट सस्पेन्शनवाल्या साध्या ९११ पेक्षा ५० मिलिमीटर उंच आहे अन् बटण दाबलं की आणखी ३० मिलिमीटर वर उठते. त्याच वर्षी लॅम्बोर्गिनीने हुराकान स्टेराटो आणली, ती पण ४४ मिलिमीटर उंच केलेली. तेव्हा उंच गाडी म्हणजे मजा संपली असं डोक्यात धरू नका.

आता आपला रस्ता खराब काऊन होते ते समजून घ्या, कारण गाडी निवडायचं अर्धं उत्तर त्यातच आहे. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते अन् मार्चपासून आकसायला लागते, मेमध्ये वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तेच सगळं रस्त्याच्या भरावाखाली पण चालू राहते. मग डांबर वरून अखंड दिसते पण खालून बसलेलं राहते, अन् रस्त्याला लांब-लांब लाटा येतात. अशा लाटेवर सत्तरने गेलं की शिखरावर गाडी हलकी होते, लगेच पुढच्या खोलात दाबल्या जाते. ज्या गाडीच्या सस्पेन्शनला जागा कमी आहे ती तिथं बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, जाऊन आदळते, अन् एकदा बंप स्टॉपवर टेकली की स्प्रिंग-शॉकअप असून नसल्यासारखे, चाक उडी मारते. वळणावर हे झालं तर गाडी सरळ बाहेरच्या बाजूला निघते. स्पोर्ट्स सस्पेन्शन म्हणून जे खाली बसवलेलं अन् कडक केलेलं राहते त्याला नेमकी हीच जागा कमी राहते.

दुसरा त्रास खड्ड्यांचा अन् कडेचा. माझ्या हिशोबानं खड्ड्यापेक्षा कड जास्त टायर खाते. समोरून कापसाची ट्रॉली नाहीतर कोळशाचा ट्रक येते, तुम्ही डावी चाकं खाली मुरमावर उतरवता, अन् परत वर चढताना डांबराची तुटलेली कड टायरला आडवी लागते. त्या क्षणी टायरची भिंत रिमच्या ओठात अन् डांबराच्या कडेत चेपल्या जाते. वरून काही दिसत नाही, पण आतले धागे तुटलेले राहतात. मग दोन-चार दिवसांनी साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा येते. माणूस म्हणते खड्डा तर लागलाच नाही, हे कसं झालं. अलॉय काढून मशीनवर फिरवली की आतल्या बाजूची कड वाकलेली दिसते, बाहेरून गाडी धुताना ती दिसतच नाही. असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो फेकावाच लागते, अन् ४५ डिग्रीत समृद्धीवर त्यावर जाणं म्हणजे जिवाशी खेळ, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगतो.

यावर उपाय साधा आहे, टायरची भिंत उंच पाहिजे. टायरवर लिहिलेल्या आकड्यावरून ती काढता येते, पहिला आकडा रुंदी, दुसरा त्या रुंदीचे किती टक्के उंची, अन् आर नंतरचा आकडा रिम किती इंची ते. २२५/४० आर१८ ची भिंत ९० मिलिमीटर, १९५/५५ आर१६ ची १०७, १८५/६५ आर१५ ची १२०, अन् स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला येणाऱ्या १६५/८० आर१४ ची १३२. त्या ९० अन् १२० मधल्या तीन सेंटिमीटरमध्ये रिम वाचते. लोक म्हणतात उंच भिंतीचा टायर वळणावर डगमगते, हो, थोडा डगमगते, पण ते गुळगुळीत रस्त्यावर. तुमच्या रस्त्यावर तोच टायर बारीक दणके पिऊन घेते अन् चाक जमिनीवर ठेवते, म्हणून तिथं ग्रिप उलट त्याचीच जास्त वाटते.

हवेचं पण सांगून देतो. उन्हाळा आहे म्हणून हवा कमी ठेवायची सवय आपल्याकडं लय लोकांना आहे. तसं करू नका. कमी हवेचा टायर भिंतीवर जास्त वाकते, त्यानंच जास्त तापते अन् कडेवर लवकर चेपते. दाराच्या चौकटीवर कंपनीनं लिहिलेली हवा सकाळी टायर थंड असताना भरायची, बस.

ग्राउंड क्लिअरन्सबद्दल, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर त्याबद्दल, दोन गोष्टी. कंपनी सांगते तो आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा राहते, चार माणसं अन् डिक्कीत तुरीचं पोतं टाकलं की तो तेवढा राहत नाही. अन् नुसता आकडा बघून भागत नाही, दोन चाकांमधलं अंतर किती अन् समोरचा बंपर चाकाच्या किती पुढं हे पण बघा. रस्ते-महामार्गांच्या नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंटिमीटर उंच अन् ३.७ मीटर लांबीचा, गोलाईदार पाहिजे, त्यावर कोणतीही गाडी आरामात जाते. आपल्या गावात जे रात्रीतून तयार होतात ते उंचीला जास्त अन् लांबीला हातभर, तिथं लांब गाडीचं पोट टेकते. कमी लांबीची हॅचबॅक कमी क्लिअरन्समध्ये पण निघून जाते.

आता गाड्यांवर येतो.

टू-सीटरचं स्वप्न मला समजते भाऊ, मी ते हसण्यावारी नेत नाही. हलकी, मागच्या चाकावर चालणारी छोटी गाडी चालवण्यासारखं सुख नाही, माझदाची एमएक्स-५ १९८९ पासून जगभर याच गोष्टीसाठी नावाजलेली आहे. पण ती भारतात कंपनीनं कधी विकलीच नाही, अन् बारा लाखात जी मिळेल ती बहुधा दहा-पंधरा वर्षं जुनी जर्मन रोडस्टर राहील. तिचं क्लिअरन्स कमी, टायर पातळ भिंतीचे, तसल्या बऱ्याच गाड्यांत रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) टायर असल्यानं स्टेपनी नाही. मुरमावर टायर कापल्या गेला तर घाटंजीत तो साइज मिळणार नाही, यवतमाळलाही ऑर्डर द्यावी लागेल, तोवर गाडी उभी. एखादा शॉकअप गेला तर त्याचा खर्च अन् वाट पाहणं वेगळं. घरात दुसरी गाडी असेल अन् ही फक्त रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात न्यायची असेल तर मी नाही म्हणणार नाही, परतवाड्यावरून वर चढणारा तो रस्ता तिच्यासाठीच आहे. रोजच्या ऐंशी किलोमीटरला मात्र नका घेऊ.

पोलो. २०२२ मध्ये बंद झाली पण अजून चांगल्या गाड्या मिळतात. बॉडी मजबूत, स्टेअरिंग छान, २०२० पासूनचं १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन ११० एचपीचं अन् मॅन्युअल ६ गिअरचं, ते खरंच मस्त पळते. त्याच्या आधीच्या जीटी टीएसआयला ड्युअल क्लच ऑटोमॅटिक यायची, म्हणजे दोन क्लच आळीपाळीनं वापरून आपोआप गिअर बदलणारी. ड्राय क्लचवाला (क्लच तेलात न बुडलेला) कोणताही ड्युअल क्लच गिअरबॉक्स, कंपनी कोणतीही असो, मुरमाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये रांगत नेला अन् वरून आपला उन्हाळा असला की तापते, क्लच अर्धवट घसरत राहते म्हणून. खराब रस्त्यावर तुमची गाडी रांगतच राहणार, तेव्हा मॅन्युअल घ्या, मजा पण त्यातच आहे. पोलोचं सस्पेन्शन थोडं कडक आहे, रोज मुरूम असेल तर कमरेला जाणवेल.

आय२० एन लाइन. १२० एचपी, १७२ न्यूटन मीटर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. २०२१ ला आली तेव्हा हातानं गिअर टाकायचा पण क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स नाहीतर ड्युअल क्लच यायचा, २०२३ च्या बदलात नीट ६ गिअरचं मॅन्युअल आलं. घ्यायची तर ती मॅन्युअलवाली. हिला १६ इंची चाकं येतात, १९५/५५. आता हिशोब बघा, १९५/५५ आर१६ ची पूर्ण उंची ६२१ मिलिमीटर अन् १८५/६५ आर१५ ची पण ६२१. म्हणजे १५ इंची रिमवर हा टायर टाकला तर स्पीडोमीटर चुकत नाही, गाडीची उंची बदलत नाही अन् भिंत १३ मिलिमीटरने वाढते. फक्त रिम घ्यायच्या आधी ती समोर अन् मागं घालून हातानं फिरवून बघा, ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना. ओरिजिनल १६ इंची चाकं घरी ठेवा, विकताना कामी येतात.

तुमच्या यादीत नसलेली एक गाडी सांगतो, फोर्ड फ्रीस्टाइल डिझेल. २०१८ ला आली, क्लिअरन्स १९० मिलिमीटर, १.५ लिटर डिझेल १०० एचपी अन् २१५ न्यूटन मीटर, टायर १५ इंची. फिगोवरच बनलेली असल्यानं स्टेअरिंग जिवंत आहे, उंच असून वळणावर झुकून पडत नाही. इंजिन हळू फिरत असतानाही एवढा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, असल्यानं गिअर न बदलता ट्रॅक्टर ओलांडून जाते. तुमची रनिंग महिन्याला दोन हजार किलोमीटरच्या घरात बसते, वर्षाचे चोवीस हजार, तिथं डिझेल परवडते. अडचण एक, कंपनीनं २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. सर्व्हिसचे पार्ट मिळतात, पण बॉडीचा पत्रा, लाइट, काच याला वाट पाहायची तयारी ठेवा. तुमच्या बजेटच्या बरीच आत बसते, उरलेल्या पैशात चार चांगले टायर अन् पूर्ण नवीन सस्पेन्शन होऊन जाते.

फियाटची जुनी पुंटो पण लोक सुचवतील. सस्पेन्शन त्या गाडीसारखं त्या काळात कुणाचं नव्हतं हे खरं. डिझेलचं १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्ये पण होतं म्हणून इंजिनचं काम कुठंही होते, बाकीच्या पार्टसाठी मात्र फिरावं लागते. अबार्थ पुंटोला १४५ एचपी आहेत पण क्लिअरन्स १५५ च. एकुलती एक गाडी म्हणून नको.

अन् स्विफ्टला कमी समजू नका. नऊशे किलोच्या आसपास वजन, २०२१ ते २०२४ मधल्या पेट्रोलला ९० एचपी, पार्ट प्रत्येक तालुक्याला. हलकी गाडी खड्ड्यात कमी जोरानं आदळते, ब्रेक लवकर लागतात, टायर जास्त चालतात. वजन कमी असणं हीच अर्धी स्पोर्ट्स कार आहे, असं मी मनापासून मानतो.

तर माझं मत असं. घरात ही एकच गाडी राहणार असेल अन् मुरमाचा तुकडा दोन-चार किलोमीटरचाच असेल, तर एन लाइन मॅन्युअल, १५ इंची रिमवर. मुरूम जास्त असेल, पावसाळ्यात चिखलातून काढावी लागत असेल, तर फ्रीस्टाइल. दुसरी गाडी घरात आहे अन् मन पोलोवरच आहे, तर १.० टीएसआय मॅन्युअल घेऊन टाका. मुरमाचा तुकडा नेमका किती ते तुम्ही लिहिलं नाही, त्यावर बरंच अवलंबून आहे.

वहिनींच्या एसयूव्हीचं म्हणाल तर त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उंची त्यांना पाहिजे तेवढी तुमच्या रस्त्याला खरंच पाहिजे. दोघांचं जमवायचं तर मारुतीची फ्रॉन्क्स टर्बो एकदा चालवून बघा, १.० बूस्टरजेट टर्बो पेट्रोल १०० एचपी, क्लिअरन्स १९०, अन् वजन हॅचबॅकच्याच जवळचं. मोठ्या जड एसयूव्ही मी तुमच्यासाठी म्हणणार नाही, जड चाक अन् जड बॉडी त्या लाटांवर डोलत राहते, मागं बसणाऱ्याला मळमळते.

सेकंड हॅन्ड घेताना बघायचं काय ते पण सांगतो, कारण पैसे इथंच जातात. प्रत्येक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडा. गाडी खाली जाऊन वर आली अन् थांबली तर शॉकअप ठीक, पुन्हा एकदा डोलली तर गेलेला. मग चाक पूर्ण वळवून शॉकअपच्या दांड्याकडं टॉर्च मारा, वरचं रबरी धूळ-कव्हर फाटलेलं आहे का बघा. ते फाटलं की काळ्या मातीची बारीक धूळ तेलात मिसळून दांड्यावर बसते अन् प्रत्येक दणक्याला सील घासत जाते, शॉकअपच्या अंगावर तेलाचा ओलसर काळा पट्टा दिसला की तो फार चालत नाही समजा. लोअर आर्मच्या बुशला भेगा, लिंक रॉडचा खडखड आवाज, हे स्वस्तातलं काम आहे, त्याला घाबरू नका, भाव कमी करून घ्या. चेंबर, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, मात्र खालून नक्की बघा, वेल्डिंग मारलेलं असेल तर गाडी सोडून द्या. जुनी टर्बो पेट्रोल असेल तर तिच्या मॅन्युअलमध्ये किती इथेनॉलचं पेट्रोल चालते ते वाचून घ्या, आता पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं, आहे.

गाडी घेतल्यावर पहिले चेंबर गार्ड लावा, दणकट पत्र्याचा, पण ऑइल काढायला भोक असलेला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर टाकून गाडी उंच करायचा सल्ला देणारे भेटतील, नका करू. जिथं बफर आहे तिथलं वेटोळं काम करत नाही, सगळा भार बाकीच्यांवर येते अन् स्प्रिंग तुटते. वरून स्प्रिंग कडक झाली अन् शॉकअप तोच राहिला की तो तिला परत येताना आवरू शकत नाही, मग लाटेवर गाडी उड्या मारते. स्पेसर टाकून जास्त उंच केली तर ड्राइव्ह शाफ्टचा कोन बदलते, सीव्ही जॉइंट (त्या शाफ्टचे चाकाकडचे सांधे) लवकर आवाज द्यायला लागतात. उंची पाहिजे तर उंच गाडीच घ्या.

अलाइनमेंट दर पाच हजार किलोमीटरला, अन् मोठा दणका बसला तर त्याच आठवड्यात. रात्री रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर रस्त्यावर येतात, म्हणून लाइटची काच अन् ब्रेक पॅड यावर कंजूसी करू नका. मुरमावर एबीएस असलं तरी गाडी थांबायला जास्त जागा घेते, बंडी किंवा शाळेची पोरं दिसली की आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा.

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या समोरच्या सिमेंट रोडवर घेऊन फायदा नाही. विकणाऱ्याला सांगा की मला उखडलेला पट्टा पाहिजे, तिथं काचा बंद, एसी बंद, गाणं बंद करून चाळीसने न्या, अन् सोबत मागच्या सीटवर वहिनींना बसवा. मुरमाचा तुकडा किती किलोमीटरचा, घरात दुसरी गाडी आहे का अन् तुम्ही बघितलेल्या गाडीचं वर्ष अन् टायरवरचा आकडा, एवढं लिहून पाठवा, मग त्या गाडीबद्दल नेमकं सांगतो.